हेल्मेटचा इंटरकॉम घेताना रेंजचा आकडा शेवटी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: फुल-फेस हेल्मेट आहे, बरेचदा बायको मागे बसते, आणि अधूनमधून चार-पाच मित्रांबरोबर लांबच्या राइडला जाणं होतं. त्यातल्या दोघांकडे एकाच कंपनीचे मेशवाले, म्हणजे सगळ्यांना एका जाळ्यात जोडणारे इंटरकॉम आहेत. खोक्यावर दोन किलोमीटर रेंज, ब्लूटूथ ५.३, ४० मिमी स्पीकर असं बरंच काही लिहिलेलं असतं. त्यातलं नेमकं काय बघून घ्यायचं?

तुमचा अर्धा निर्णय त्या दोन मित्रांनी आधीच करून ठेवलाय. त्यांचं मेश ज्या कंपनीचं आहे, त्याच कंपनीचं मेश युनिट तुम्ही घ्या. वहिनींसाठी त्याच कंपनीचं साधं ब्लूटूथ युनिट पुरेल. घ्यायचं काय, याचं उत्तर एवढंच. पण मी हेल्मेटमध्ये हे इंटरकॉम बसवून देतो आणि 'बिघडलेत' म्हणून आलेले तपासतोही. 'समोरच्याचं काही ऐकूच येत नाही' म्हणून आणलेली बरीचशी युनिट्स धडधाकट असतात. स्पीकर कानापासून बोटभर लांब चिकटवलेला असतो, नाहीतर माइक उलटा बसवलेला असतो. त्यामुळे काय घ्यायचं हे सांगतोच, पण घेतल्यावर ते बसवायचं कसं यावर जास्त बोलणार आहे.

आधी रेंज. कंपन्या जो दीड-दोन किलोमीटरचा आकडा देतात तो मोकळ्या, सपाट जागेतला असतो. मध्ये काहीही नाही आणि दोन्ही युनिट्स एकमेकांना 'दिसताहेत', अशा परिस्थितीतला. ही यंत्रं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. या लहरी डोंगराआडून वळून येत नाहीत, ट्रकच्या पत्र्यातून जात नाहीत, आणि पाण्याने भरलेल्या माणसाच्या शरीरातही बऱ्याच शोषल्या जातात. युनिट हेल्मेटच्या डाव्या बाजूला असतं, त्यामुळे मित्र तुमच्या उजवीकडे असेल तर तुमचं स्वतःचं डोकंच मध्ये येतं. मी खोक्यावरचा आकडा मनातल्या मनात निम्मा करतो. घाटरस्ता असेल तर त्याहूनही कमी धरतो.

आता उलट बाजूने हिशोब करून बघा. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला साधारण २८ मीटर. दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तर ते होतं ५६ मीटर. सहा गाड्या एकामागे एक चालल्या तरी पहिली आणि शेवटची यांच्यात २८० मीटरच पडतात. शिस्तीत चालणाऱ्या ग्रुपला दोन किलोमीटर लागतातच कुठे? रेंज अपुरी पडते ती कोणी सिग्नलला अडकला, कोणी दोन ट्रक ओलांडून पुढे निघून गेला तेव्हा. अशा वेळी ५०० मीटर की ८०० मीटर याने फारसा फरक पडत नाही, कारण संपर्क दोन्हींत तुटणारच असतो. तुटलेला संपर्क माणूस परत जवळ आल्यावर आपोआप जुळतो की हातमोज्यातल्या बोटाने बटणं दाबत बसावं लागतं, हे महत्त्वाचं. विकत घेताना विचारायचा प्रश्न हाच, आणि विक्रेत्याकडे याचं उत्तर क्वचितच तयार असतं.

ब्लूटूथ आणि मेश यांतला खरा फरकही इथेच आहे. ब्लूटूथच्या मूळ मानकात एका छोट्या जाळ्यात एका वेळी आवाजाचे जास्तीत जास्त तीनच थेट दुवे धरता येतात. म्हणून ब्लूटूथ इंटरकॉम ग्रुपसाठी साखळी करतात: पहिला दुसऱ्याला जोडलेला, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला. ही साखळी आगगाडीच्या डब्यांसारखी असते, मधला डबा सुटला की मागचे सगळे सुटतात. दुसऱ्या क्रमांकावरचा मित्र पेट्रोलसाठी थांबला की पहिला एकटा पडतो आणि तिसऱ्या-चौथ्याचं आपापसात चालू राहतं. शिवाय राइडभर पेअरिंगचा क्रम आणि रस्त्यावरचा क्रम जुळवून ठेवावा लागतो, म्हणजे ओव्हरटेक करतानाही कोण कोणाला जोडलाय याचा विचार डोक्यात. दोघांसाठी ब्लूटूथ उत्तम आहे, तिघांपर्यंत चालतं. चौघांच्या पुढे बोलण्यापेक्षा जुळवाजुळवच जास्त होते.

मेशमध्ये प्रत्येक युनिट आवाक्यातल्या प्रत्येक युनिटशी बोलतं आणि इतरांचा आवाज पुढे पोहोचवतं. मधला एक गेला की आवाज दुसऱ्या वाटेने जातो. गेलेला परत आला की आपोआप आत येतो. कार्डो आणि सेना या इंटरकॉम बनवणाऱ्या दोन कंपन्या. कार्डोने हे तंत्र २०१५ मध्ये आणलं, सेनाने काही वर्षांनी. कार्डोच्या मेशमध्ये १५ जण बसतात, सेनाच्या खासगी गटात २४. शिवाय सेनाचं एक उघडं मेशही असतं. त्यात एकाच चॅनेलवरचा कोणीही पेअरिंग न करता आत येऊ शकतो. ते सोयीचं आहे, पण रस्त्याच्या कडेला थांबलेल्या अनोळखी ग्रुपच्या गप्पाही त्यातून कानावर येतात. खासगी बोलायचं असेल तर खासगी गट करून घ्या.

मेशचे तोटे सांगायला हवेत. ते महाग असतं. ब्लूटूथवर बोलण्यापेक्षा बॅटरी लवकर संपते. आणि एका कंपनीचं मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी सहसा बोलत नाही. प्रत्येकाने आपलं आपलं तंत्र बनवलंय. म्हणूनच वर म्हटलं की मित्रांकडे काय आहे ते आधी बघा. परीक्षणांत पहिल्या नंबरवर असलेलं युनिट घेतलं आणि ग्रुपमध्ये मात्र मुक्याने चालवत राहिलात, तर त्या नंबराचा उपयोग काय?

इथे कोणीतरी म्हणेल, 'अहो, पण सगळे एकमेकांना युनिव्हर्सल इंटरकॉमने जोडता येतात की!' येतात, पण ते कसं ते समजून घ्या. परक्या कंपनीच्या युनिटशी बोलताना तुमचं युनिट सहसा आपण एक फोन आहोत असं सोंग घेतं, किंवा समोरच्याला तसं घ्यायला लावतं. समोरच्या हेडसेटला वाटतं की एक फोन कॉल चालू आहे. त्यामुळे फोनसाठीची एक जागा अडते. दुसरा फोन किंवा जीपीएस यंत्र जोडलेलं असेल तर ते मध्येच बाहेर पडू शकतं. आवाज फोनवरच्या बोलण्याइतपतच येतो, आणि संपर्क तुटला की बऱ्याचदा हाताने परत 'कॉल' लावावा लागतो. एखाद्या दिवशी पाहुणा रायडर बरोबर असेल तर हा मार्ग ठीक आहे. दर राइडला यावर विसंबू नका.

तुमच्यासाठी मात्र यातलीच एक सोय कामाची आहे. मेश युनिट्समध्ये मेशबरोबर साधं ब्लूटूथही असतं, आणि ब्लूटूथवरच्या एका माणसाला मेशच्या संभाषणात आणायची सोय बऱ्याच मॉडेल्समध्ये असते. म्हणजे वहिनी साध्या युनिटवरून तुम्हाला जोडलेल्या, तुम्ही मेशमध्ये, आणि तुमच्यामार्फत त्याही ग्रुपमध्ये. एकाच कंपनीची दोन युनिट्स असली की हे बिनबोभाट चालतं. घेण्याआधी त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये हे शोधा. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर मोफत मिळतं, आणि जाहिरातीच्या दहा पानांपेक्षा त्याची दोन पानं जास्त खरं सांगतात.

ब्लूटूथ ५.३ या आकड्याला मात्र भुलू नका. ब्लूटूथ ५ आल्यावर 'चौपट रेंज, दुप्पट वेग' अशी जी जाहिरात झाली, ती कमी वीज वापरणाऱ्या, म्हणजे लो एनर्जी प्रकाराबद्दल होती. मनगटी पट्टे, सेन्सर वगैरेंसाठीचा तो प्रकार. हेडसेटवरचे कॉल आणि गाणी आजही मुख्यतः जुन्या, क्लासिक ब्लूटूथवरूनच जातात. इंटरकॉमची रेंज अँटेना, प्रसारणाची ताकद आणि युनिट हेल्मेटवर कुठे बसलंय यांवर ठरते. चांगल्या अँटेनाचं ४.१ चं युनिट स्वस्तातल्या ५.३ ला सहज मागे टाकू शकतं. काही मॉडेल्सना उघडून उभा करायचा छोटा अँटेना असतो. तो मिटलेलाच ठेवून 'रेंज मिळत नाही' म्हणणारे दर काही दिवसांनी भेटतात.

आणखी एक तक्रार नेहमीची: 'गाणी छान वाजतात, पण कोणी बोलायला लागलं की गाण्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.' हा बिघाड नाही. गाणी ब्लूटूथच्या एका प्रोफाइलवरून, म्हणजे ठरलेल्या वाटेवरून जातात. तो स्टेरिओ असतो, पण एकतर्फी. कॉल दुसऱ्या प्रोफाइलवरून जातात. तो दुतर्फी असतो, पण मोनो, आणि जुन्या पद्धतीत आवाजाचं सॅम्पलिंग, म्हणजे आवाज टिपण्याचा वेग, फक्त ८ किलोहर्ट्झ, नव्या वाइडबँडमध्ये १६. साध्या युनिटचा माइक उघडला की ते गाण्याची वाट सोडून बोलण्याच्या वाटेवर जातं. चांगल्या युनिट्समध्ये दोन्ही एकदम चालवायची सोय असते आणि मागे वाजणाऱ्या गाण्याचा आवाज किती ठेवायचा तेही ठरवता येतं. गाणी ऐकत बोलायची सवय असेल तरच या सोयीचे जास्तीचे पैसे द्या. माझं स्वतःचं मत विचाराल तर ग्रुपमध्ये बोलणं उघडं असताना गाणी बंदच बरी.

आता मुख्य मुद्दा. ताशी १०० किमी वेगाला फुल-फेस हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास जातो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतली निऑश ही संस्था ८५ डेसिबल ही आठ तासांची मर्यादा मानते आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशोबाने ९४ ला एक तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. हा नुसता वारा झाला. शब्द कळायचे तर स्पीकरचा आवाज या गोंगाटाच्या वर काढावा लागतो. म्हणजे गोंगाट करणाऱ्या हेल्मेटमध्ये मोठ्या आवाजाचा इंटरकॉम घालून तुम्ही कानावर दुप्पट मारा करता. हेल्मेट जुनं, सैल किंवा वाऱ्यात शिट्टी वाजवणारं असेल, तर महागडा इंटरकॉम घ्यायच्या आधी हेल्मेट बदलायचा विचार करा. हनुवटीखालचा पडदा आला असेल तर तो लावा. बरेच जण तो खोक्यातच ठेवतात. खालून आत शिरणारा वारा त्याने अडतो आणि माइकलाही त्याचा फायदा होतो.

इअरप्लगबद्दल लोकांना नवल वाटतं: प्लग घातल्यावर इंटरकॉम ऐकू कसा येणार? येतो, आणि बहुतेकांना आधीपेक्षा स्पष्ट येतो. फोमचा प्लग वाऱ्याचा आवाज खाली आणतो, तसा स्पीकरचाही आणतो. पण वाऱ्याने कान बधिर झालेला नसला की शब्द वेगवेगळे कळतात. स्पीकरचा आवाज थोडा वाढवावा लागतो आणि इथेच त्या ४० मिमी स्पीकरचा उपयोग होतो, कारण तो आवाज फाटू न देता वर जातो. अधिक बास हवा म्हणून मोठा स्पीकर घेणाऱ्यांना रस्त्यावर फार काही हाती लागत नाही. बास वाऱ्यात बुडतोच.

स्पीकर बसवताना घाई करू नका. हेल्मेटच्या आत, चीक पॅडच्या (गालाजवळच्या गादीच्या) वर, कानासाठी खळगा असतो. लोक स्पीकर त्या खळग्याच्या मधोमध चिकटवतात. पण खळगा कंपनीने कोणत्या तरी सरासरी कानासाठी केलेला असतो, तुमच्या कानाचं भोक बहुधा त्याच्या थोडं पुढे किंवा खाली येतं. त्यामुळे असं करा: स्पीकर वेल्क्रोवर नुसता टेकवा, मध्यम आवाजात गाणं लावा, हेल्मेट घाला. मग दोन्ही तळव्यांनी हेल्मेट बाहेरून कानांवर दाबा. आवाज एकदम भरदार झाला तर स्पीकर कानापासून लांब आहे, त्यामागे खोक्यातली जाड पॅडं लावून तो पुढे आणा. दाबल्यावर फरक पडत नसेल तर खोली बरोबर आहे. मग खालून बोट घालून स्पीकर पुढे-मागे, वर-खाली सरकवा आणि आवाज जिथे सगळ्यात स्पष्ट येतो तिथे थांबा. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना हे वेगवेगळं करा, कारण आपले दोन कान एका उंचीवर असतीलच असं नाही. दोन-चार मिलिमीटरने जो फरक पडतो तो आवाजाची आणखी तीन बटणं दाबून पडत नाही.

कानाला टोचत असेल तर? नव्या हेल्मेटमध्ये पहिल्या अर्ध्या तासात काही जाणवत नाही, पाऊण तासाने कानाची पाळी दुखायला लागते. पातळ स्पीकर घ्या, किंवा पॅडमागचं जादाचं कापड काढा. पण आतला थर्माकोल कोरून जागा करू नका. डोकं आपटल्यावर धक्का शोषणारा थर तोच असतो. हल्लीच्या ईसीई २२.०६ या हेल्मेटच्या युरोपीय मानकात अ‍ॅक्सेसरीसह हेल्मेटच्या चाचण्यांची तरतूद आहे, त्यामुळे तुमच्या हेल्मेटच्या कंपनीने विशिष्ट इंटरकॉमसाठी जागा ठेवली असेल तर तो पर्याय आधी बघा. शोएई, शुबर्थ अशा कंपन्यांच्या काही हेल्मेटमध्ये सेनाच्या तंत्रावरचे इंटरकॉम आत बसतात. बाहेर काही लोंबत नाही आणि वाऱ्याचा आवाजही वाढत नाही. अडचण एकच: हेल्मेट बदललं की तो इंटरकॉम दुसऱ्या कंपनीच्या हेल्मेटमध्ये नेता येत नाही.

माइक. फुल-फेसला तारेवरचा बटणासारखा माइक वापरा, दांडीवाला नको. दांडीवाला मॉड्युलर (हनुवटीचा भाग वर उचलता येणाऱ्या) आणि उघड्या हेल्मेटसाठी असतो. खोक्यात बहुतेक वेळा दोन्ही येतात. बटणाचा माइक हनुवटीच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, ओठांच्या समोर, शक्य तेवढा जवळ चिकटवा. दांडीच्या माइकला पुढची आणि मागची बाजू असते. तो मागून येणारा आवाज समोरच्या आवाजातून वजा करतो, म्हणून त्यावरचा बाण किंवा ठिपका ओठांकडेच हवा. उलटा बसवला तर तो तुमचा आवाज गाळतो आणि वारा पाठवतो. स्पंजची टोपी हरवली असेल तर नवी मिळेपर्यंत त्या माइककडून फारशी अपेक्षा ठेवू नका. आणि सोबत्यांना विचारा की तुमचा आवाज कसा येतोय. आपला माइक खराब आहे हे आपल्याला कधीच कळत नाही, ते इतरांना सोसावं लागतं. काही युनिट्स आपला आवाज थोडासा आपल्याच कानात परत सोडतात. ती सोय चालू ठेवा, माणूस आपोआप ओरडणं थांबवतो.

बोललं की माइक उघडणार, अशी पद्धत काही स्वस्त युनिट्समध्ये असते. त्यात पहिला शब्द कापला जातो. 'डावीकडे खड्डा' मधलं 'डावीकडे' गेलं तर उरतं काय? शिवाय वेग वाढला की वाराच माइक उघडत राहतो. पूर्ण दुतर्फी, म्हणजे दोघांनी एकदम बोललं तरी दोघांना ऐकू येईल, असंच युनिट घ्या. 'हे अमुक' म्हणून आवाजी आज्ञा देण्याची सोय गावातल्या वेगाला बरी चालते, महामार्गावर तिच्यावर भिस्त ठेवू नका.

मुख्य युनिट बसवायचे दोन प्रकार. क्लॅम्प असेल तर त्याची पट्टी शेल, म्हणजे बाहेरचं कवच, आणि थर्माकोल यांच्या फटीत जाते. काही हेल्मेट्समध्ये तिथे जाड रबरी कड असते, किंवा आतल्या काळ्या वायझरची यंत्रणा मध्ये येते, मग चिकटपट्टीची प्लेट वापरावी लागते. चिकटवण्याआधी ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, प्लेट घट्ट दाबून धरा आणि युनिट लगेच लावू नका. थ्रीएम कंपनीची व्हीएचबी ही मजबूत दुहेरी चिकटपट्टी साधारण तापमानाला २० मिनिटांत निम्मीच ताकद धरते, ९० टक्के धरायला २४ तास लागतात आणि पूर्ण पकडीला ७२. सकाळी चिकटवून दुपारी महामार्गावर निघालेलं युनिट रस्त्यावर पडतं ते याचमुळे. हेल्मेटच्या गोलाईवर प्लेटची एक कड उचललेली राहात असेल तर जागा बदला. चिकटवण्याआधी दोन-तीन दिवस क्लॅम्पवर किंवा तात्पुरत्या टेपवर गावातल्या गावात चालवून बघा. एकदा चिकटवलेलं युनिट दुकानदार परत घेईल याची खात्री नाही.

बटणं दुकानात हातमोजे घालून दाबून बघा, न बघता. आवाज कमी-जास्त करायला फिरतं चाक असेल तर फारच छान. पाण्यासाठी आयपी रेटिंग (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा आकडा) बघा. आयपी६७ असेल तर चिंता नाही: धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं. आयपी५४ असेल तर शिंतोडे चालतील, पण मुसळधार पावसात तासन्‌तास चालवायचं असेल तर मी आयपी६७च घेईन. आयपीएक्स असं लिहिलेलं असेल तर एक्सच्या जागी धुळीची चाचणी झालेली नाही असं समजा. चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण नीट बसलंय ना, हे प्रत्येक वेळी बघा, कारण रेटिंग ते बंद असतानाचं असतं.

बॅटरी दिवसभर पुरावी एवढंच बघा. खोक्यावरचे तास हे नव्या बॅटरीचे आणि मध्यम आवाजाचे असतात. बहुतेक युनिट्सची बॅटरी बदलता येत नाही आणि दोन-चार वर्षांत तिचा जोर कमी होतोच, म्हणून सुरुवातीला थोडी जास्त क्षमता असलेली बरी. यूएसबी-सी घ्या. चार्ज होत असताना चालतं का, हेही विचारा, कारण लांबच्या दिवशी टँक बॅगमधल्या पॉवर बँकवर ते तुम्हाला तारतं. महिनाभर वापर नसेल तर निम्म्या चार्जवर ठेवा, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामं नको. आणि हेल्मेट उन्हात गाडीच्या आरशावर लटकवून ठेवू नका.

एक गोष्ट फार कमी जण विचारतात: स्पीकरचा जोड कसला आहे? साधा ३.५ मिमीचा जॅक असेल तर स्पीकर गेला तरी बाहेरून दुसरा घालता येतो. कंपनीचा खास जोड असेल तर त्यांचाच सुटा भाग शोधावा लागतो. त्याचबरोबर त्या मॉडेलचं दुसऱ्या हेल्मेटचं किट, म्हणजे माउंट, स्पीकर, माइक, वेगळं मिळतं का तेही बघा. हेल्मेट साधारण पाच वर्षांनी बदलावं असं सांगतात, आणि तोपर्यंत युनिट चांगलं असलं तर किटवर भागतं. उन्हाळी आणि पावसाळी अशी दोन हेल्मेट असणाऱ्यांनाही एकच युनिट दोन्हीकडे फिरवता येतं.

फक्त मागे बसणाऱ्या माणसाशीच बोलायचं असतं, तर मी तुम्हाला साधी ब्लूटूथ जोडी घ्यायला सांगितली असती. दोन हेल्मेटांमध्ये हातभर अंतर असताना किलोमीटरची रेंज विकत घ्यायची गरजच नाही. ते पैसे चांगल्या माइककडे वळवा. मागच्या माणसाला तुमच्या पाठीमुळे वारा कमी लागतो, तरी त्याचं डोकं तुमच्या हेल्मेटमागच्या भोवऱ्यात असतं, त्यामुळे तिथे आवाज चढ-उतार करत येतो. वहिनींच्या माइकची संवेदनशीलता अ‍ॅपमधून तुमच्यापेक्षा वेगळी ठेवावी लागेल हे गृहीत धरा.

कायद्याचं म्हणाल तर देशागणिक वेगळं आहे. काही ठिकाणी कानात इअरफोन घालायला बंदी, पण हेल्मेटमधल्या स्पीकरला परवानगी असते. फ्रान्समध्ये २०१५ पासून असंच आहे. तुम्ही जिथे चालवता तिथला नियम बघा. आणि लहान मुद्दा वाटेल, पण वर्दळीत शिरताना गप्पा थांबवायच्या हा नियम ग्रुपने आधीच ठरवून घ्या. 'खड्डा', 'ट्रक येतोय', 'पेट्रोल' एवढंच बोला. सासरच्या लग्नाच्या गोष्टी मोकळ्या रस्त्यावर.

युनिट्स आल्यावर पेअरिंग घरी, टेबलावर करा. क्रम असा ठेवा: आधी दोन्ही युनिट्सचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट, मग तुमचा फोन, मग वहिनींचं युनिट, आणि सगळ्यात शेवटी मित्रांबरोबरचा मेश गट. अपडेट मधेच केलं तर काही मॉडेल्समध्ये जुनं पेअरिंग पुसलं जातं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. गट बनवायची आणि परत जोडायची पानं मॅन्युअलमधून फोटो काढून ग्रुपमधल्या दोघांच्या तरी फोनमध्ये असू द्या, कारण कोणतं बटण किती सेकंद दाबायचं हे पुढच्या राइडपर्यंत कोणालाच आठवत नाही.